वाकडा सुळा

मालनबाई बोलताना माणसाच्या डोळ्यांकडं बघत नसत, तोंडाकडं बघत. मी पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा मला वाटलं, माझ्या ओठाला काहीतरी लागलंय. मी पदरानं तोंड पुसलं. त्या म्हणाल्या, "पुसू नको. काय न्हाय लागलेलं. तू डाव्या बाजूनं चावत न्हाईस. दाढ दुखती का?"

दाढ दुखत होती. घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव मेलिन. कळंबच्या बाजारात ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून मालन झालं. दिसायला त्या चिनी होत्या, पण जन्म कलकत्त्याचा. वडील तिथं बूट शिवायचे. लग्न होऊन त्या कळंबला आल्या. त्यांचे सासरे तरुणपणी एक पेटी घेऊन आठवडी बाजारात दात बसवत हिंडायचे, ते हिंडत हिंडत कळंबला आले आणि राहिले. नवी माणसं बाईंना हटकून विचारायची, "तुमी मूळचे कुठले?"

"कळंबचे."

"तसं न्हवं. त्याच्या आधी?"

"कलकत्ता."

"अन् त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आईच्या पोटात होते. तुमी कुठं होता?"

माणूस हसायचा. हसला की बाई त्याचे दात बघून घ्यायच्या.

त्यांच्या यजमानांना सगळे डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते आणि तसं म्हणवूनही घेत नव्हते. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा. बार्शी, केज, अंबाजोगाई, लातूर इथून रोग्यांच्या तोंडाची मापं एसटीच्या पार्सलनं यायची. आम्ही मापात प्लास्टर ओतून ठसा काढायचो. ठशावर मेण, मेणात दात, मग गुलाबी हिरडी, घासूनपुसून लख्ख करणं, आणि परत पार्सल. फोन, पावत्या आणि बसस्टँड डॉक्टर सांभाळायचे. दात बाई बसवायच्या. मी झाडायला आणि भांड्यांना गेले होते. महिन्याभरात त्यांनी विचारलं, "शाळा किती?" मी म्हटलं, "चौथी." त्या म्हणाल्या, "लई झाली. गावाचं नाव वाचता आलं म्हंजे झालं." तेव्हापासून मी प्लास्टर कालवू लागले. मी कमी बोलते, ते त्यांना चालायचं. पंधरा वर्षं आम्ही दोघी एका बाकावर बसलो.

तयार दात बाहेरून यायचे, पट्टीवर ओळीनं चिकटवलेले, सगळे सारखे, पांढरे, सरळ. बाई ते तसे कधीच बसवत नसत. ओल्या दगडावर घासायच्या, एकाचा कोपरा उडवायच्या, एक जरा आत ढकलायच्या. तंबाखू खाणाऱ्याचे दात चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. कवळी पुरी व्हायच्या आधी यजमानांना त्या गावच्या दवाखान्यात फोन करायला लावायच्या, "त्यांना इच्यारा, माणूस काय खातो? जुना फोटो हाय का?" बार्शीचे एक डॉक्टर वैतागून म्हणाले होते, मला दात पाहिजेत, सोयरीक नको.

"सरळ दात मेलेल्या माणसाला लावावे," बाई म्हणायच्या. "त्याला काय, त्याला कोण वळखायचं हाय."

ठसे ठेवायची त्यांची एक पद्धत होती. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या, त्यांवर शेकडो पांढरे जबडे. ज्याला बाईंनी डोळ्यांनी पाहिलंय, ज्याचा फोटो पाहिलाय किंवा ज्याची काही हकिकत कळलीय, त्याच्या ठशावर त्या आपल्या चिनी अक्षरांत काहीतरी लिहायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, काय लिहिता? म्हणाल्या, "नाव न्हाय लिहीत. हा भुईमूग, दातानं शेंगा फोडणारा. ही हसरी. हा रागीट, रात्री दात खातो. ह्या बाईचा नवरा मारत असंल, बघ, तीन दात एकाच बाजूचे गेलेत." आणि ज्यांची काहीच माहिती मिळाली नाही, त्यांच्या ठशावर मराठीत फक्त गावाचं नाव आणि आकडा. केज ४. लातूर ११. मराठी अक्षरं बाई आपल्या मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकल्या होत्या, वरची रेघ विसरायच्या.

येरमाळ्याची एक म्हातारी होती. सून तिला घेऊन थेट दुकानात आली. फोटो मागितला तर एकच निघाला, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात म्हातारी, तेव्हाची बाई, तोंड उघडून हसत होती आणि पुढच्या दोन दातांत चांगली फट. बाईंनी नव्या कवळीत तेवढीच फट ठेवली. सून म्हणाली, "हे काय वो बाई, पैसे नव्या दाताचे अन् त्यात बी खिंडार?" बाईंनी कवळी म्हातारीपुढं केली. म्हातारीनं कवळी लावली, आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "आगं बया, आलो की आमी माघारी." मग अशी हसायला लागली की सूनही हसली. बाईंनी तिच्या ठशावर 'हसरी' लिहिलं, ती हीच.

त्यांना एकच मुलगा. घरात मिंग, शाळेत आणि गल्लीत मिंग्या. मी कामाला लागले तेव्हा तो रांगत होता, प्लास्टरच्या पिठात हात घालून पांढरा व्हायचा. मला सुममावशी म्हणायचा, सुमन त्याला लांब पडायचं. पक्के दात आले तसा त्याचा वरचा उजवा सुळा बाहेर आला, ओठावर टेकणारा. फळीवर सगळ्यात वर त्याच्या आजोबांचा ठसा होता, त्यातही तोच सुळा तसाच. डॉक्टरांचाही तसाच. बाई कौतुकानं दाखवायच्या, "बघ सुमन, तीन पिढ्या. पावती लागत न्हाय." पोरगा नऊ-दहा वर्षांचा असताना म्हणाला, "मा, माझा दात सरळ कर ना. पोरं मला डुक्कर म्हणतात." बाई हसल्या. म्हणाल्या, "हा तुझा न्हाय, आजोबाचा हाय. त्यांना इच्यारल्याबिगर कसा करू?"

तेव्हा मीही हसले होते.

कोरोना आला त्या वर्षी सगळं फिरलं. ज्या गाडीवरून बाई वीस वर्षं केळी घ्यायच्या, तो माणूस म्हणाला, "पिशवी खाली ठेवा अन् मागं सरका." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मागं सरकल्या. त्यानं लांबून केळी टाकली. मिंग्या सायकल घेऊन गल्लीत गेला की पोरं ओरडायची, "कोरोना आला, कोरोना आला," आणि तोंडावर रुमाल धरून पळायची. ती त्याच्याच वर्गातली पोरं. डॉक्टरांनी दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, आम्ही भारतीय आहोत. कुणीतरी त्या कागदावर थुंकलं. डॉक्टरांनी तो काढला, नवा लिहिला, तोही खराब झाला. तिसरा बाईंनी लिहू दिला नाही.

त्याच दिवसांत एक गुरुजी आले. रिटायर, गावात मान असलेले. दोन वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना कवळी बनवून दिली होती, पानाच्या डागासकट. त्यांनी रुमालात बांधलेली कवळी काउंटरवर ठेवली आणि लांब उभे राहिले. "राग मानू नका. घरातले म्हणत्यात, तोंडात घालायची वस्तू हाय."

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, ती दोन वर्षं तुमच्याच तोंडात आहे."

"व्हय, पण आता म्हणत्यात."

बाईंनी रुमाल सोडला, कवळी धुतली, पाण्याच्या वाटीत टाकून फळीवर ठेवली. बारा दिवसांनी गुरुजी परत आले, गाल बसलेले, बोलणं बोबडं. भाकरी कालवणात भिजवून खायचाही कंटाळा आला होता. दुकानाच्या पायरीवर उभे राहून नुसते बघत राहिले, मागायची लाज वाटत होती. बाईंनी वाटी पुढं केली. गुरुजींनी पाठ फिरवून कवळी बसवली, "येतो" म्हणाले आणि गेले. मी म्हटलं, "बाई, तुम्ही एक शब्द तरी बोलायचा." त्या म्हणाल्या, "काय बोलू? माझेच दात लावून मलाच बोलला असता."

मला वाटतं, पोराला पाठवायचं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. पायरीवर मिंग्या उभा होता, त्यानं हे सगळं पाहिलं होतं. डॉक्टरांचा धाकटा भाऊ कॅनडात टोरंटोला होता, पोराला तिकडच्या राहायच्या शाळेत घालू म्हणून तो आधीपासून मागं लागला होता. मी विचारलं, "मग तुम्ही पण जा की." बाई म्हणाल्या, "तिकडं दात मशीन करती. मी काय करू, मशीन पुसू?"

शाळेची एक अट होती, पोराला इंग्रजी बोलता आलं पाहिजे. डॉक्टरांनी शिकवणी लावली. पण बाईंचा स्वभाव असा की धरलं की पुरं. त्यांनी नियम केला: घरात फक्त इंग्रजी. त्यांची भाषा बंद, मराठी बंद, हिंदी बंद. जो दुसरं बोलेल त्याला उत्तर नाही.

आणि बाईंना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं.

ही चूक अशी होती की ती करताना त्यांना कुणी सांगू शकलं नसतं. मीही सांगितलं नाही. पोरगं जायला आठ महिने होते. ते आठ महिने आई आणि मुलगा एका घरात जवळजवळ मुके राहिले. बाईंकडं सात-आठ शब्द होते. ईट. कम. वॉश हँड. गुड. नो. पोरगा शिकवणीहून येऊन भराभर काहीतरी सांगायचा, तिथल्या इंग्रजीत, आणि बाई त्याच्या तोंडाकडं बघत बसायच्या. त्याचं संपलं की म्हणायच्या, "गुड." एकदा त्यानं काय सांगितलं ते मला कळलं, कारण सांगता सांगता त्यानं हातानं दाखवलं. कुणीतरी त्याला ढकललं होतं. बाई म्हणाल्या, "गुड." तो क्षणभर थांबला आणि दप्तर उचलून आत गेला.

एका दुपारी त्याला ताप होता. मागच्या खोलीत झोपवला होता. आम्ही दोघी बाकावर. आतून आवाज आला, त्यांच्या भाषेत. पाण्याचा त्यांचा शब्द मला ठाऊक होता, लहानपणी तो मलाही तोच मागायचा. बाईंच्या हातातलं मेण थांबलं. उठल्या नाहीत. परत आवाज आला, तोच शब्द. मी उठू लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. मेणाचा गरम हात होता. तिसऱ्यांदा आतून आलं, "वॉटर." तेव्हा त्या धावत गेल्या, पेला तोंडाला लावला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुड. गुड." मग बाहेर येऊन प्लास्टरचं घमेलं पुढ्यात ओढलं आणि कालवत बसल्या. त्या दिवशी प्लास्टरची काहीच गरज नव्हती. ते घमेल्यातच दगड झालं.

माझ्याशी मात्र तो मोरीजवळ हळूच मराठीत बोलायचा. "सुममावशी, तिकडं लई बरफ असतो म्हणं." मी म्हणायचे, "असंल बाबा." यापेक्षा जास्त मी बोलले असते तर बरं झालं असतं. मला काय बोलावं कळत नाही.

जायच्या आदल्या दिवशी बाईंनी त्याला बाकासमोर स्टुलावर बसवलं आणि तोंडाचं माप घेतलं. त्याला उमासे आले, तो हसला, परत उमासा, परत हसला. नियम विसरून दोघं हसले. तोंड धुताना तो मराठीत बोलून गेला, "आता तरी सुळा काढ ना, मा." बाईंनी ठसा ओतला, सुकवला, बोट फिरवून सुळा नीट आलाय का बघितला. खाली एक चिनी अक्षर लिहिलं. आजोबांच्या ठशाशेजारी ठेवला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मुंबईहून त्याला विमानात बसवून दोघं तिसऱ्या दिवशी आले. बाई चप्पल काढून थेट बाकावर बसल्या. म्हणाल्या, "अंबाजोगाईचं आलं का पार्सल?"

दर रविवारी सकाळी तो फोनवर दिसायचा. आता घरातला नियम उठला होता, पण उपयोग नव्हता. बाई त्यांच्या भाषेत विचारायच्या, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, डॉक्टर मध्ये बसून सांगायचे. ते सांगताना बरंच गाळायचे, हे मलासुद्धा कळायचं, पोरगा पाच मिनिटं बोलायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "बरा आहे म्हणतो." बाईंचं ठरलेलं होतं. शेवटी म्हणायच्या, "हास." तो दात दाखवायचा. त्या फोन डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. "डाव्या बाजूला ब्रश न्हाय फिरत. थंड पाणी पितोस." हे सांगायला त्यांना दुसरी कुठलीही भाषा लागत नव्हती, बोटानं दाखवलं की झालं. पहिलं वर्ष तो हसायचा. दुसऱ्या वर्षी मागून इतर पोरांचे आवाज यायचे आणि तो ओठ मिटून हसायचा. मग तोंडावर हात. मग म्हणे फोनचा कॅमेरा बिघडला, चार महिने नुसता आवाज.

कॅमेरा नीट झाला त्या रविवारी तो बोलता बोलता खरंच हसला. वरच्या सगळ्या दातांवर तार होती. बाईंनी हातातला फोन बाकावर पालथा ठेवला. फोनमधून "मा? मा?" ऐकू येत राहिलं.

"तिकडं सगळ्याच पोरांना लावतात," डॉक्टर म्हणाले.

"कुणाला इच्यारून?"

"भावानं सही केली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कागद आपणच दिला होता की. पोराच्या सगळ्या सह्या तू कर म्हणून."

तो कागद करून घ्यायला बाईच तहसीलमध्ये दोन दिवस बसल्या होत्या. लातूर ७ ची कवळी समोर होती, ती त्यांनी जशी पट्टीवरून आली तशी बसवली. सरळ, पांढरी, एकाही दाताला दगड लावला नाही. लातूरच्या डॉक्टरांचा फोन आला, आजवरचं सगळ्यात चांगलं काम झालंय म्हणून.

गेल्या वर्षी सुट्टीत तो आला. जवळजवळ चार वर्षांनी. डॉक्टर त्याला आणायला गेले होते. बाईंनी दोन दिवस आधीपासून स्वयंपाक चालवला होता. शेंगदाण्याची चटणी मला कुटायला लावली, त्याला तीच लागायची. गाडीतून उतरला तो डॉक्टरांपेक्षा वीतभर उंच. मला म्हणाला, "हाय, आंटी." मी पदर सावरून म्हटलं, "आलास का?" तो हसला. तार निघालेली होती. दात एका रांगेत, वरपासून खालपर्यंत सारखे, बाजारातल्या पट्टीवर येतात तसे.

बाईंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग पहिल्यांदाच मी पाहिलं, त्या डोळ्यांकडं बघू लागल्या, आणि तिथं काय शोधावं हे त्यांना कळेना.

सहा दिवस तो राहिला. चटणी तिखट लागली. तिकडं त्याचं नाव केविन होतं, फोनवर मित्रांशी बोलताना ते ऐकू यायचं. त्यांची भाषा त्याला समजायची पण बोलताना अडायचा, मराठी उरली होती दोन-चार शब्दांपुरती. आईशी तो हिंदी बोलू लागला, तिकडं म्हणे खोलीत एक दिल्लीचा मुलगा होता. चौथ्या दिवशी बाई बाकावर दात घासत होत्या, तो समोरच्या स्टुलावर येऊन बसला. बाईंनी मान वर न करता विचारलं, हिंदीतच, "क्यों किया?"

काय विचारलं ते त्याला लगेच कळलं. म्हणाला, "मा, यहाँ आँखों पे हँसते थे, वहाँ दाँत पे. आँखें तो नहीं बदल सकता था."

दगडाचा आवाज थांबला.

"वो दादाजी का दाँत था," बाई म्हणाल्या.

"हाँ. लेकिन मुँह तो मेरा था ना. तू सबको पूछती है, क्या खाते हो, कैसे हँसते हो, फोटो लाओ. मुझे एक बार भी पूछा?"

मी घमेलं घेऊन उठले आणि मोरीत गेले. असं बोलणं ऐकत बसणं बरं नव्हे. पाणी सोडलं, तरी ऐकू येत होतं. मग बाई म्हणाल्या, "इच्यारायचं तवा मला इंग्रजी येत नव्हतं रे." हे त्या मराठीत बोलल्या. त्याला किती कळलं, देव जाणे.

जायच्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला परत स्टुलावर बसवलं. माप घेते म्हणाल्या. तो घड्याळ बघत होता, पण त्यानं तोंड उघडलं. ह्या वेळी उमासा आला नाही, हसूही नाही. तोंड धुऊन त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि म्हणाला, कॉलेजही तिकडंच करणार आहे, काकांशी बोलणं झालंय. बाई म्हणाल्या, "गुड."

गाडी गेल्यावर त्यांनी ठसा ओतला. सुकल्यावर मी समोर उभी होते. त्यांनी जुना ठसा खाली काढला, दोन्ही शेजारी ठेवले, कंपास लावून काहीतरी मोजलं, बोट फिरवलं. मग नव्या ठशाच्या खाली लिहिलं. चिनी नाही. मराठीत, रेघ न देता: टोरंटो १.

मी वाचलं. मला गावाचं नाव वाचता येतं म्हणूनच तर त्यांनी मला ठेवलं होतं. ठसा त्यांनी केजच्या आणि लातूरच्या रांगेत ठेवला आणि म्हणाल्या, "सुमन, बार्शीचं बांध. साडेचारची गाडी हाय."

त्यानंतर काम कमी होत गेलं. मोठ्या शहरात मशीनवर दात निघू लागले, डॉक्टर मंडळी तिकडं पाठवू लागली. घरमालकानं जागा मागितली. कलकत्त्याला बाईंची बहीण होती, तिकडं जायचं ठरलं. सामान फार नव्हतं. ठशांचा प्रश्न होता. ते कोण नेणार? बाई म्हणाल्या, सगळे फोडून टाकू, अंगणातल्या खड्ड्यात भर होईल.

दोन सकाळी आम्ही ते काम केलं. बाई अंगणात स्टुलावर बसल्या. मी पाटीत ठसे भरून आणायचे, त्या एकेक हातात घ्यायच्या, लिहिलेलं वाचायच्या नाहीत, नुसतं दातांवरून बोट फिरवायच्या आणि सांगायच्या. "ही येरमाळ्याची, हसरी. गेली मागच्या साली." मी हातोडी मारायचे. "हा भुईमूग. हा मोहा गावचा, लेकीच्या लग्नाआधी दात पायजे म्हणून रडला व्हता." हातोडी. गुरुजींचा ठसा आला तेव्हा म्हणाल्या, "ह्यांचा हळू फोड, मान हाय त्यांना गावात," आणि स्वतःच हसल्या. गावाच्या नावाचेही त्या ओळखायच्या. "हे केजचं, वरची दाढ अवघड व्हती." शेकडो तोंडं, एकही चुकलं नाही. आजोबांचा ठसा त्यांनी स्वतः फोडला, आधी कपाळाला लावून.

शेवटच्या पाटीत टोरंटो १ होता. मी तो मुद्दाम खाली ठेवला होता. बाईंनी हातात घेतला. वरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. उलटा केला नाही. ऊन चांगलं वर आलं होतं, ठसा पांढरा लखलखत होता.

"हा कुणाचा?" त्या म्हणाल्या.

मी रिकामी पाटी बाजूला सारली.

"वळखू येत न्हाय. कुणाचे बी असत्याल असले दात." त्यांनी ठसा माझ्याकडं दिला. "फोड."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, मी काही बोलते का म्हणून. पंधरा वर्षांत मी त्यांच्यासमोर कधी उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. हातोडी मारली. तो इतरांसारखाच फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी आली. डॉक्टर पुढं बसले. बाई मागं बसल्या, मांडीवर एक पितळी डबा, त्याच्यावर दोन्ही हात. डबा घट्ट लावलेला नव्हता, झाकणाखालून जुना टॉवेल दिसत होता. टॉवेलात अकरा वर्षांच्या पोराचा जबडा होता. तो कुठल्याच पाटीत आला नव्हता, हे मी मोजलं नव्हतं तरी मला माहीत होतं.

मी खिडकीशी गेले. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी नुसती हसले. बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"डावीकडची दाढ काढून घे," त्या म्हणाल्या. "अजून त्याच बाजूनं चावत न्हाईस."